बेअरिंग बदलण्यापूर्वी

बेअरिंगच्या दुकानात तुम्ही कधी गेला आहात का? दुकानदार खोक्यातून एक चकचकीत बेअरिंग काढतो, त्याची आतली रिंग बोटात अडकवतो आणि बाहेरच्या रिंगला टिचकी मारतो. रिंग गरगर फिरत राहते. "बघा साहेब, कसं लोण्यासारखं फिरतंय!" असे तो म्हणतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन पैसे काढते. काही वर्षांपूर्वी मीही असाच खूश झालो होतो. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने एवढ्यावर भुलायला नको होते. पण भुललो खरा, आणि त्यापायी एका भल्या माणसाला विनाकारण बोल लावून बसलो. त्याचीच ही हकीकत. तिच्यात घर्षण, वंगण, प्रसरण, केंद्रोत्सारी बल असे तुमच्या पाठ्यपुस्तकातले बरेच काही येणार आहे.

आमच्या महाविद्यालयाच्या मैदानावर गवत कापण्याचे एक यंत्र आहे. त्याला लॉन मोवर म्हणतात. असले पहिले यंत्र इंग्लंडमध्ये एडविन बडिंग नावाच्या माणसाने १८३० साली तयार केले. कापडाच्या गिरणीत कापडावरची लव कातरणारे यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली होती. त्याच्या यंत्रात पाती रुळासारख्या नळकांड्यावर बसवलेली होती. आमच्या यंत्राची तऱ्हा वेगळी. त्यात पोलादाचे एक लांब, आडवे पाते एका उभ्या शाफ्टच्या खालच्या टोकाला बसवलेले आहे. इंजिनावरून पट्टा येतो, तो शाफ्टवरची पुली फिरवतो आणि पाते मिनिटाला सुमारे ३,००० फेरे घेते. हा शाफ्ट एका बिडाच्या घरात दोन बेअरिंगांवर उभा असतो, एक वर आणि एक खाली. दोन्ही एकाच क्रमांकाची : ६२०४.

एका पावसाळ्याच्या तोंडावर हे यंत्र खरखरू लागले. मैदानाची निगा राखणारे आमचे मामा मला म्हणाले, "सर, बेअरिंग गेलं." जिमखान्याचे काम त्या वर्षी माझ्याकडे होते. मी जुन्या बेअरिंगवरचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून घेतला, दुकानात गेलो, आणि टिचकी मारल्यावर जे अधिक वेळ फिरले ते विकत घेतले. ते दुसऱ्यापेक्षा जवळजवळ निम्म्या किमतीत मिळत होते. मामांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, "सर, जुन्यावर रबर होतं. ह्याच्यावर पत्रा आहे." मी म्हणालो, "मामा, नंबर तोच आहे ना? मग झालं."

तीन आठवड्यांत ते बेअरिंग गेले.

आता हे का झाले ते समजण्यासाठी आधी बेअरिंगची ओळख करून घेऊ. परिभाषेच्या पुस्तकांत त्याला 'धारवा' असे चांगले नाव आहे, पण कारखान्यात आणि दुकानात सगळे बेअरिंगच म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू. फिरणाऱ्या शाफ्टला धरून ठेवायचे, त्याचा भार पेलायचा, पण त्याच्या फिरण्याला अडथळा करायचा नाही, हे त्याचे काम. बैलगाडीच्या चाकात आस थेट तुंब्यावर घासतो, म्हणून गाडीवान त्याला वंगण घालतो. बॉल बेअरिंगमध्ये घासण्याऐवजी घरंगळणे असते. आतली एक रिंग, बाहेरची एक रिंग, दोघींवर खोबणी आणि त्या खोबण्यांमध्ये पोलादी गोळ्या. कारागीर त्यांना छर्रे म्हणतात. छर्रे एकमेकांवर घासू नयेत म्हणून एक पत्र्याचा पिंजरा त्यांना सारख्या अंतरावर ठेवतो. ६२०४ मध्ये सामान्यतः आठ छर्रे असतात, प्रत्येक सुमारे ८ मिलिमीटर व्यासाचा. अशा बेअरिंगचा घर्षणगुणक सुमारे ०.००१५ इतका कमी असतो. म्हणजे १,००० न्यूटन भाराला अवघा दीड न्यूटन विरोध!

ही कल्पना जुनी आहे. वेल्समधल्या कारमार्थन गावच्या फिलिप व्हॉन याने १७९४ साली गाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले होते. पण सगळे छर्रे अगदी एका मापाचे आणि अगदी गोल नसतील तर भार दोन-तीन मोठ्या छऱ्यांवरच पडतो आणि बाकीचे नुसते शोभेला राहतात. जर्मनीत श्वाइनफुर्ट येथे फ्रीडरिश फिशर याने १८८३ मध्ये छर्रे घासून गोल करण्याचे यंत्र बनवले, तेव्हा कुठे बेअरिंगचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले.

आता क्रमांकाकडे वळू. ६२०४ मधला पहिला ६ सांगतो की हे एका ओळीचे, खोल खोबणीचे बॉल बेअरिंग आहे. दुसरा अंक २ ही त्याची मालिका. तिच्यावरून जाडी आणि बाहेरचा व्यास कळतो. शेवटचे दोन अंक, ०४, यांना ५ ने गुणा : २०. हा झाला आतल्या भोकाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ०५ असेल तर २५, ०६ असेल तर ३०. फक्त सुरुवातीचे चार अंक या नियमात बसत नाहीत : ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५ आणि ०३ म्हणजे १७ मिलिमीटर. घरच्या छताच्या पंख्याचे बेअरिंग कधी काढले तर पाहा. बहुतेक ६२०१ किंवा ६२०२ निघेल.

मालिका बदलली की काय होते तेही पाहा. ६००४, ६२०४ आणि ६३०४ या तिन्हींचे भोक २० मिलिमीटरच. पण बाहेरचे व्यास अनुक्रमे ४२, ४७ आणि ५२, आणि जाड्या १२, १४ आणि १५. शाफ्टवर तिन्ही जातील, घरात मात्र एकच बसेल. ही मापे आंतरराष्ट्रीय आहेत. जयपूरला बनलेले, पुण्याजवळ चिंचवडला बनलेले किंवा जपानहून आलेले ६२०४ एकमेकांच्या जागी बसते. ही फार मोठी सोय आहे आणि माझी चूक याच सोयीमुळे झाली. क्रमांक फक्त माप सांगतो. यंत्रात ते किती दिवस चालेल हे त्या क्रमांकानंतरची अक्षरे सांगतात, आणि ती मी चिठ्ठीवर लिहिलीच नव्हती.

(एक सावधगिरीची सूचना. परदेशी बनावटीच्या काही मोवरांत शाफ्ट इंचाच्या मापाचा असतो. बेअरिंग दिसायला ६२०३, बाहेरचा व्यास ४० मिलिमीटर बरोबर, पण भोक १७ ऐवजी ५/८ इंच, म्हणजे १५.८७५ मिलिमीटर. तेथे साधे ६२०३ घातले तर ते शाफ्टवर सव्वा मिलिमीटरच्या आसपास सैल होते, आणि मग कोणीतरी पत्र्याची पट्टी गुंडाळून 'जमवून' देतो. म्हणून व्हर्नियर कॅलिपर घेऊन शाफ्ट मोजा. शाळेतल्या प्रयोगशाळेत तो असतोच.)

माझ्या बेअरिंगवर 'झेडझेड' ही अक्षरे होती, जुन्यावर '२आरएस'. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणे. ही झाकणे बाहेरच्या रिंगमध्ये पक्की असतात, पण आतल्या रिंगला टेकत नाहीत. मध्ये केसाएवढी फट राहते. कोरड्या, स्वच्छ जागी, उदाहरणार्थ पंख्यात किंवा घरातल्या मोटारीत, हे उत्तम काम देते. लोखंडाचा कीस, मोठी धूळ आत जात नाही. पाणी मात्र खुशाल जाते. २आरएस मध्ये दोन्ही बाजूंना रबराचे सील असते आणि त्याची पातळ कड आतल्या रिंगला घासून टेकलेली असते. काही जपानी कंपन्या याच प्रकाराला डीडीयू किंवा एलएलयू म्हणतात. अक्षरे निराळी, वस्तू तीच.

आता दुकानातल्या त्या टिचकीचा अर्थ लागतो. रबराची कड घासते, आत ग्रीस पुरेसे भरलेले असते, म्हणून चांगले सीलबंद बेअरिंग टिचकी मारल्यावर एखादा फेरा घेऊन थांबते. ग्रीस नावापुरते असलेले, झाकण न टेकणारे बेअरिंग मात्र गरगर फिरते. ज्या गुणावर भाळून मी ते घेतले, तो गुण नव्हताच, उणीव होती. बोटावरचे बेअरिंग रिकामे असते, त्याच्यावर भार नसतो. यंत्रात त्याला ओढणारे इंजिन किंवा मोटार असते, तिला रबराचे ते किंचित घर्षण जाणवतही नाही. सील घासते म्हणून वेगाची मर्यादा थोडी खाली येते हे खरे. पण ६२०४ ला रबरी सील असले तरी मिनिटाला सुमारे १०,००० फेऱ्यांपर्यंत चालते. आमच्या पात्याचे तर फक्त ३,०००.

पहिले बेअरिंग गेल्यावर हे माझ्या लक्षात आले का? मुळीच नाही. मला वाटले, भार जास्त होत असेल. मामांनी यंत्र दगडावर आपटले असेल, उंच गवतात रेटले असेल. मी त्यांना तसे बोललोही. ते गप्प राहिले. मग, आपण शास्त्राचे शिक्षक, तेव्हा हिशेब करून पाहू आणि अधिक दणकट बेअरिंग घालू, असे ठरवून मी कॅटलॉग उघडला. तो हिशेब तुम्हांलाही करता येईल असा आहे.

दर बेअरिंगच्या कॅटलॉगात एक आकडा दिलेला असतो : गतिक भारक्षमता. ६२०४ साठी तो सुमारे १२,८०० न्यूटन आहे (कंपनीप्रमाणे थोडा फरक पडतो). या आकड्याला प्रत्यक्ष भाराने भागा, आणि येणाऱ्या उत्तराचा घन करा. म्हणजे मिळाले आयुष्य, दशलक्ष फेऱ्यांमध्ये. स्वीडनमधील गुस्ताफ लुंडबर्ग आणि आर्विड पाल्मग्रेन यांनी हा नियम १९४७ मध्ये मांडला आणि आजही जगभर तो वापरतात. समजा भार १,२८० न्यूटन, म्हणजे साधारण १३० किलो वजनाएवढा. भागाकार १०, घन १,०००. तेव्हा आयुष्य १,००० दशलक्ष, म्हणजे १०० कोटी फेऱ्या. मिनिटाला ३,००० म्हणजे तासाला १,८०,००० फेऱ्या. भागून पाहा : सुमारे ५,५५० तास!

भार निम्मा केला तर? भागाकार २०, घन ८,०००, आयुष्य आठपट. भार दुप्पट केला तर आयुष्य आठव्या हिश्शावर येते. घनाचा हा खेळ लक्षात ठेवण्याजोगा आहे. आणखी एक गोष्ट. 'आयुष्य ५,५५० तास' याचा अर्थ प्रत्येक बेअरिंग नेमके तेवढे तास चालेल असा नाही. अशी शंभर बेअरिंगे चालवली तर त्यांतली नव्वद तरी तेवढा काळ टिकतील, एवढाच अर्थ. दहा आधीच जातील, काही त्याच्या कितीतरी पुढे जातील. विमा कंपन्या माणसांच्या आयुष्याचा हिशेब करतात, तशातलाच हा प्रकार.

मी आकड्यांकडे पाहतच राहिलो. मोवर रोज दोन तास चालत होता. तीन आठवडे म्हणजे फार तर ४० तास. कोठे ५,५५० आणि कोठे ४०! आणि आमच्या पात्याचा भार १३० किलोंच्या जवळपासही नसणार. म्हणजे भाराने हे बेअरिंग मेलेलेच नव्हते. ६३०४ घालून, घर मोठे करून, लेथवाल्याला पैसे देऊन काहीही साधले नसते. कॅटलॉगातला हिशेब एका अटीवर खरा ठरतो : बेअरिंग स्वच्छ असले पाहिजे, त्यात वंगण नीट असले पाहिजे आणि ते नीट बसवलेले असले पाहिजे. शेतातली, बागेतली, पाण्यावरची यंत्रे ही अट क्वचितच पाळतात. त्यांची बहुतेक बेअरिंगे थकून मरत नाहीत, त्याआधीच मारली जातात.

म्हणून आमच्या फिटरकडून मेलेले बेअरिंग ग्राइंडरने कापून घेतले. (हे काम तुम्ही करू नका. बेअरिंगचे पोलाद फार कठीण असते, हातोडीने फोडायला गेले तर त्याच्या कपच्या गोळीसारख्या उडतात.) आत ग्रीस नव्हते, दुधी, चिकट, तांबूस चिखल होता. छऱ्यांवर गंजाचे ठिपके, पिंजरा एका बाजूने झिजलेला. मामा दररोज काम संपल्यावर पाइपाच्या धारेखाली यंत्र धूत असत, आणि ते बरोबरच करत होते. पात्याखाली ओले गवत साचू देणे वाईट. ते पाणी पत्र्याच्या फटीतून आत शिरत होते. ग्रीस म्हणजे काय, तर साबणासारख्या पदार्थाच्या जाळीत धरून ठेवलेले तेल. स्पंजात पाणी असते तसे. छर्रा पुढे सरकतो तेव्हा त्याच्या आणि खोबणीच्या मध्ये या तेलाचा पापुद्रा येतो. तो मायक्रॉनहूनही पातळ असतो. म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भागही नाही. धातू धातूला टेकू न देण्याचे सगळे काम हा पापुद्रा करतो. त्यात पाणी शिरले की तो फाटतो, आणि मग आत बैलगाडीचा आस घासू लागतो.

मी मामांकडे गेलो आणि म्हणालो, "मामा, चूक माझी होती. तुमचं रबरच बरोबर होतं." ते हसून म्हणाले, "असू द्या सर. आता आणा रबरवालं."

रबरवाले आणले. नामांकित कंपनीचे, अधिकृत विक्रेत्याकडून, पक्की पावती घेऊन. आणि एका महिन्यात ते गुरगुरू लागले! या वेळी मी कोणालाही बोललो नाही. सरळ कापून घेतले. आतले ग्रीस ताजे, पिवळसर, स्वच्छ. पण आतल्या रिंगच्या खोबणीत भिंगातून पाहिले तर ओळीने लहान लहान खळगे. त्यांतले अंतर मोजले. छऱ्यांमधल्या अंतराशी ते तंतोतंत जुळत होते.

हे खळगे कोठून आले हे समजायला आपल्याला हाइनरिश हर्ट्झकडे जावे लागेल. रेडिओ लहरींमुळे तुम्हांला त्याचे नाव ठाऊक आहे. पण त्याआधी, १८८१ मध्ये, तेवीस वर्षांचा असताना, एकमेकींवर दाबलेल्या काचेच्या भिंगांचा विचार करता करता त्याने एक प्रश्न सोडवला : दोन वक्र पृष्ठे एकमेकांवर दाबली तर ती किती जागेवर टेकतात? उत्तर असे की फार थोड्या. छर्रा आणि खोबणी यांचा स्पर्श मिलिमीटरच्या अंशाएवढ्या लंबगोलात होतो. क्षेत्र इतके लहान की साध्या भारानेही दाब प्रचंड होतो. चौरस मिलिमीटरला ४,२०० न्यूटन ही बॉल बेअरिंगची स्थिर भारासाठी ठरवलेली मर्यादा आहे; हवेच्या दाबाच्या सुमारे ४२,००० पट! त्याच्या पुढे गेले की खोबणीत कायमचा, डोळ्यांत भरण्याजोगा खळगा पडू लागतो.

आणि हा दाब कोणी दिला? हातोडीने. एक किलोची हातोडी सेकंदाला ५ मीटर वेगाने आली आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात थांबली, तर सरासरी बल किती? संवेगातील बदल भागिले वेळ : ५ ÷ ०.००१ = ५,००० न्यूटन. क्षणभराचे कमाल बल त्याहूनही मोठे. आमच्या फिटरने बेअरिंग शाफ्टवर चढवताना बाहेरच्या रिंगवर ठोके दिले होते. घट्ट बसत होती आतली रिंग, आणि ठोका बाहेरच्या रिंगवर. म्हणजे प्रत्येक ठोका छऱ्यांमधून आत गेला. स्वीडनच्या ब्रिनेल या अभियंत्याने १९०० मध्ये धातूची कठीणता मोजण्याची रीत दाखवली : एक कठीण पोलादी गोळी ठरावीक बलाने दाबायची आणि खळगा मोजायचा. आमच्या फिटरने नकळत ब्रिनेलचा प्रयोगच केला होता, एकदम आठ गोळ्यांनी.

यावर उपाय अगदी साधा. जी रिंग घट्ट बसते तिच्यावरच बल द्यायचे. शाफ्टवर चढवायचे असेल तर आतल्या रिंगवर टेकेल अशी नळी घ्यावी आणि तिच्यावरून सरळ, हळूहळू दाबावे. घरात बसवायचे असेल तर बाहेरच्या रिंगवर. प्रेस मिळाला तर हातोडी नकोच. उघडे, सील नसलेले बेअरिंग असेल तर प्रसरणाचा उपयोग करता येतो. पोलादाचा प्रसरणांक अंशाला सुमारे ०.०००१२ टक्के नव्हे, तर ०.००००१२ आहे, असे मी वर्गात दरवर्षी सांगतो, कारण दरवर्षी कोणीतरी शून्ये चुकवतो. २० मिलिमीटरचे भोक ६० अंशांनी तापवले तर २० × ०.००००१२ × ६० = ०.०१४४ मिलिमीटर, म्हणजे १४ मायक्रॉन मोठे होते. एवढ्याने ते शाफ्टवर हाताने सरकते. स्वच्छ तेल ८०–९० अंशांपर्यंत तापवून त्यात बेअरिंग ठेवतात. स्टोव्हच्या ज्योतीवर कधीही नाही. १२० अंशांच्या वर गेले तर पोलादाचा गुणच बदलू लागतो. सीलबंद बेअरिंगला हा उपाय लागू नाही, त्याच्या आत ग्रीस आहे. तसेच नवे सीलबंद बेअरिंग 'स्वच्छ करण्यासाठी' रॉकेलमध्ये किंवा पेट्रोलमध्ये बुडवणारे लोकही मी पाहिले आहेत. ते कारखान्याने मोजून भरलेले ग्रीस धुऊन टाकतात. याउलट उघड्या बेअरिंगात ग्रीस ठासून भरणारे असतात. रिकाम्या जागेच्या साधारण एक तृतीयांशच भरायचे असते. जास्त भरले तर छर्रे ते ग्रीस घुसळत बसतात आणि बेअरिंग तापते.

प्रसरणावरून 'सी३' या खुणेचे कोडेही सुटते. दुकानात सांगतात, "सी थ्री घ्या, एक नंबर क्वालिटी." सी३ ही प्रतीची खूण नाहीच. छर्रे आणि खोबण्या यांच्यामध्ये मुद्दाम थोडी मोकळीक ठेवतात. ६२०४ मध्ये ती नेहमीच्या प्रकारात ५ ते २० मायक्रॉन असते, सी३ मध्ये १३ ते २८. चालू यंत्रात आतली रिंग शाफ्टकडून तापते, बाहेरची घरामुळे थंड राहते. आतली ३० अंशांनी अधिक तापली तर तिची सुमारे २५ मिलिमीटर व्यासाची खोबण ९ मायक्रॉन फुगते. घट्ट बसवल्यामुळेही ती थोडी फुगलेली असते. मोकळीक संपली तर छर्रे चिमटतात. म्हणून तापणाऱ्या विजेच्या मोटारींना सी३ लागते. जुन्यावर सी३ असेल तर नव्यावरही हवे. जुन्यावर नसेल तर उगाच नको, नाहीतर यंत्र जास्त आवाज करील.

आता तिसरी गोष्ट. नवे बेअरिंग या वेळी मी समोर उभा राहून बसवून घेतले. पण खालच्या घरात ते बोटाने फिरेल इतके सैल होते. बिडाचे घर झिजले कसे? पाते काढून पाहिले तर त्याच्या एका टोकाचा तुकडा उडालेला. मैदानाच्या कडेला दगड आहेतच. तो तुकडा २० ग्रॅमचा आणि मध्यापासून २० सेंटिमीटरवर होता असे धरू. मिनिटाला ३,००० फेरे म्हणजे सेकंदाला ३१४ रेडियन. वस्तुमान × त्रिज्या × कोनीय वेगाचा वर्ग : ०.०२ × ०.२ × ९८,६०० = सुमारे ३९४ न्यूटन. वीस ग्रॅमचा तुकडा गेला, तर शाफ्टला ४० किलोचा हिसका बसू लागला, आणि तोही सेकंदाला ५० वेळा दिशा बदलत! मघाच्या हिशेबाप्रमाणे छऱ्यांना हे सहज पेलते. पण हे बल पात्याबरोबर फिरत असते. घरात किंचित सैल बसलेली बाहेरची रिंग त्याच्यामागे थोडी थोडी सरकत जाते आणि बीड कुरतडते.

असे सैल घर दिसले की आपल्याकडे पंच घेऊन आतून ठोके मारतात, म्हणजे चार-दोन उंचवटे येऊन बेअरिंग 'टाइट' होते. ते टाइट होते ते चार बिंदूंवर. रिंग वाकडी होते आणि मग कोणत्याही कंपनीचे बेअरिंग टिकत नाही. आम्ही लेथवाल्याकडून घर थोडे मोठे करून त्यात नवी बुश बसवून घेतली, आणि पाते धार लावून, मध्यभागी खिळ्यावर तोलून पाहिले. जे टोक खाली जाईल ते थोडे घासायचे, पाते आडवे राहीपर्यंत. हा तराजूचा प्रयोग तुम्ही घरी पुठ्ठ्याच्या पट्टीवर करून पाहू शकता.

आधीचे बेअरिंग का गेले हे न विचारता दुसरे बसवणे महाग पडते, हे स्वीडनमधल्या स्वेन विंगक्विस्ट या तरुण अभियंत्याने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ओळखले होते. योटेबोर्ग येथील एका कापडगिरणीत यंत्रे चालू ठेवण्याचे काम त्याच्याकडे होते. गिरणीखालची जमीन चिकणमातीची. ती खचे, लांबलचक शाफ्ट रेषेतून हलत, आणि बेअरिंगे तापून जात. नवी आणावीत, तीही जात. जमीन तर बदलता येणार नव्हती. मग त्याने बेअरिंगच असे बनवले की बाहेरच्या रिंगची आतली बाजू गोलाच्या पृष्ठभागासारखी, आणि छऱ्यांच्या दोन ओळी. शाफ्ट थोडा कलला तरी आतला भाग त्याच्याबरोबर कलतो आणि काम चालू राहते. १९०७ साली त्याला याचे पेटंट मिळाले आणि त्याच वर्षी एस.के.एफ. कंपनी सुरू झाली.

राहता राहिला नकली मालाचा प्रश्न. तो खरा आहे. प्रसिद्ध नावाची हुबेहूब खोकी मिळतात. वापरलेली बेअरिंगे धुऊन, चकाकी देऊन नवी म्हणून विकली जातात. डोळ्यांनी ओळखणे जाणकारालाही अवघड जाते, तेव्हा पुसट शिक्का, वेडीवाकडी अक्षरे, खोक्यावरचा आणि रिंगवरचा क्रमांक न जुळणे, एवढे तरी पाहावे. भाव फारच कमी असेल तर कारण विचारावे. आता काही कंपन्यांनी खोक्यावरचा संकेत मोबाइलवरून तपासण्याची सोय केली आहे. तरी सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे कंपनीचा अधिकृत विक्रेता. शंभर रुपये वाचवून पंप बंद पडला, आणि तो ऐन उसाच्या पाण्याच्या पाळीला बंद पडला, तर काय नुकसान होते ते शेतकऱ्याच्या मुलांना सांगायला नको.

तुमच्या घरी किंवा शेजारी पिठाची गिरणी, कडबाकुट्टी, पाण्याचा पंप यांपैकी काही असेल तर त्याचे जुने, बदललेले बेअरिंग मागून घ्या. त्याच्यावरचा क्रमांक आणि पुढची सगळी अक्षरे वहीत लिहा. माप क्रमांकाशी जुळते का ते व्हर्नियरने पाहा. मग आतली रिंग दोन बोटांनी धरून बाहेरची अगदी हळू फिरवा. कण अडकल्यासारखे लागते का? ठरावीक अंतराने खट्ट खट्ट जाणवते का? रंग निळसर-काळा पडला आहे का, म्हणजे ते भाजले होते का? कडेला गंज आहे का? गिरणीवाल्याला विचारा, ते कसे बसवले होते. पिठाच्या गिरणीत पाणी नाही, पण पीठ आहे, आणि बारीक पीठ पत्र्याच्या फटीतून कसे जाते ते तुम्हीच सांगू शकाल.

आमच्या मोवरमधली जोडी, २आरएस, त्यानंतर तीन पावसाळे चालली आहे. मामा अजूनही रोज यंत्र धुतात. फक्त शाफ्टच्या घरावर थेट धार मारत नाहीत. कापलेली दोन्ही बेअरिंगे आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात आहेत, आणि हर्ट्झचा दाब शिकवताना दुसरे बेअरिंग भिंगासह वर्गात फिरते. पहिले मी फारसे कोणाला दाखवत नाही.